मरळीची पिल्लं

"लाल पिलास्ना घोळका दिसना ना भाऊ, तर गळ टाकू नको. दोरी गुंडाळ अन् घर चालना जाय."

मासे धरायला शिकवणारे भाईदास नाना जाऊन वर्ष होत आलं होतं, पण काठावर बसलं की अभिमनच्या कानात हे बोलणं अजून नानांच्याच आवाजात उमटायचं. बिडी ओठांत तशीच धरून, पाण्यावरची नजर न काढता नाना बोलत. बाकी बहुतेक सगळं त्यांनी हातानं करून शिकवलं. लाल पिल्लं दिसली की गळ टाकायचा नाही, हे मात्र तोंडानं बजावलं होतं.

अभिमनचं पारोळ्यात किल्ल्याच्या खंदकाजवळ पाण्याच्या मोटारींना तार भरून द्यायचं दुकान होतं. आठवडाभर तांब्याची तार आणि वार्निशचा वास. रविवारी मात्र लुनाच्या मागे वेळूची काठी बांधून तो तामसवाडीचं धरण गाठायचा. काठीला त्यानं जुन्या मोटारीच्या तारेच्या कड्या बसवल्या होत्या. दोरी गुंडाळायची चरखी नानांची होती, मुठीजवळ झिजून गुळगुळीत झालेली. तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, धुळ्याहून आणलेला, हिरवट, पाण्यात पडला की दिसेनासा होणारा.

मरळ धरायची तर जिवंत बेडूक लावायचा, ही तिथली जुनी रीत. नानांना ते आवडत नसे. ते सायकलच्या ट्यूबचा बेडूक करायचे. पोटात हवाई चपलेचा तुकडा, म्हणजे तो तरंगतो. मागे रबराच्या दोन पट्ट्या, ते त्याचे पाय. आणि गळाची दोन्ही टोकं वर, पाठीला चिकटवून ठेवलेली, म्हणजे पाणगवतात अडकत नाहीत. मासा चावला की रबर दबतं आणि टोकं बाहेर येतात. हा बेडूक गवतावर टाकायचा, दोन झटके द्यायचे, थांबायचं. पुन्हा झटका, पुन्हा थांबायचं. मरळीला तो थांबलेलाच आवडतो. आणि पाणी फुटलं तरी लगेच काठी ओढायची नाही. मरळ आधी धरते, मग खाली नेते, मग गिळते. तेवढा दम ज्याला धरवत नाही त्यानं बाजारातून मासे आणावेत, असं नाना म्हणत.

पाण्याचंही तसंच. पूर नवा असेल आणि पाणी चहासारखं झालं असेल तर रबरी बेडूक पिशवीतच ठेवायचा. त्या दिवशी पितळेची चकती, गढूळ पाण्यात तीच लकाकते. वारा पडलेला, आभाळ भरलेलं, अंगाला घामाची चिकचिक, असा दिवस मरळीचा. धरणाच्या भिंतीकडे, दगडांच्या बाजूला, तिला शोधायचं नाही. मागच्या बाजूला, जिथे जुनी शेतं बुडाली आहेत आणि बाभळींचे वाळके शेंडे पाण्याबाहेर राहिले आहेत, तिथं उथळ पाण्यात ती पडून असते.

लाल पिल्लांचं कारणही नानांनी सांगितलं होतं. त्यात देवाधर्माचं काही नव्हतं. मरळीची पिल्लं लहानपणी कुंकवासारखी तांबडी असतात आणि शेकड्यांनी एकत्र राहतात. श्वास घ्यायला सगळी एकदम वर येतात, तेव्हा भाताला उकळी यावी तसं पाणी बुडबुडतं. खाली नर-मादी पहारा देत असतात. त्यांच्यावर काही पडलं की ते भुकेनं नाही, रागानं धरतात. म्हणून त्या वेळी मरळ धरणं सगळ्यांत सोपं. आणि ती गेली की पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात जातात. महिनाभरात पिल्लं काळी पडतात, पांगतात. तेवढे दिवस त्यांच्या वाटेला जायचं नाही.

अभिमनला हे पटलं होतं. मोटारीची तार जशी उलटी भरत नाहीत, तसा हा नियम होता.

घरी त्याची आई भिकुबाई आणि बायको बेबाबाई. बेबाबाई जळगावची. बोलणं मऊ, शेजारच्या खोलीत ऐकू जाणार नाही असं. तिचे नेम मात्र कुणी मोडू शकत नव्हतं. तुळशीला पाणी, सांजवात आणि चातुर्मासात मुक्या जिवाला घास घातल्याशिवाय स्वतः जेवायचं नाही. बहुतेक वेळा गाय असे; गाय नाही आली तर मुंग्यांना साखर. नवऱ्याच्या मासेमारीवर ती काही बोलत नसे. त्याची मागच्या पडवीत वेगळी चूल होती, वेगळी कढई होती. "तुमचं तुमच्यापाशी," एवढंच म्हणायची.

तिचे दोन गर्भ अर्ध्यातच गेले होते. या खेपेला पाचवा महिना लागला होता. डॉक्टरीण म्हणाली होती, या वेळी पोराचं काही झालं तर बाईचंही सांगता येत नाही. भिकुबाईनं सुनेला पाण्याचा हंडा उचलू देणं बंद केलं होतं. घरात सगळे दबक्या पावलांनी वावरत होते.

श्रावणातल्या एका रविवारी वारा पडला होता. अभिमन सकाळपासून बेडूक टाकत होता आणि काही लागत नव्हतं. पलीकडे नथ्थू बसला होता. तोही पारोळ्याचाच, डाळ मिलमध्ये हमालीला जाणारा, तोंडाचा फटकळ.

"काय अभिमनभाऊ," तो ओरडला, "नानाना चेला ना तू? आज बी खाली हात? पिशवी कसाले आणी, भाजीपाला भराले?"

"श्रावण शे. घर मासा चालत नही," अभिमन म्हणाला.

"तुम्हना घर श्रावण शे. मन्हा घर नही. माले दे!" नथ्थू हसला. "पण पहिले धरशी तर देशी ना."

त्याच वेळी बाभळीच्या शेंड्यापाशी पाणी बुडबुडलं. तांबडं. परातभर कुंकू कुणी पाण्याखाली सांडावं तसं.

अभिमनला नानांचा आवाज ऐकू आला. नथ्थूचं हसूही ऐकू आलं. घरी मासा न्यायचा नव्हता, विकायचा नव्हता. नुसतं दाखवायचं होतं.

बेडूक घोळक्याच्या मधोमध पडला. दोन झटके द्यावे लागलेच नाहीत.

मरळ हाताच्या लांबीहून मोठी निघाली. काठावर आणल्यावरही ती धडपडली नाही. मरळ बाहेर आली की चिखलात उसळ्या घेते, हातातून निसटते. ही मात्र निश्चल पडून राहिली, तोंड पाण्याकडे करून. नथ्थूनं तिला पोत्यात घातलं आणि म्हणाला, "जमनं भो, मानलं तुले."

अभिमन हात धुवायला पाण्यात उतरला तेव्हा पिल्लं पांगलेली नव्हती. ती काठाशी आली होती, त्याच्या घोट्यांपाशी. नर कुठे दिसला नाही. तो चार पावलं उजवीकडे सरकला. घोळका उजवीकडे सरकला. तो थांबला तेव्हा घोळकाही थांबला. मग सगळी एकदम वर आली, श्वास घेतला आणि पाणी पुन्हा सपाट झालं.

गढूळ पाणी, उथळ काठ, पायांची सावली. सावलीमागे येत असतील. लुना सुरू करताना त्यानं स्वतःला असं समजावलं.

पुढच्या रविवारी तो मुद्दाम दुसऱ्या बाजूला, सांडव्याकडे बसला. बेडूक जिथे पडला तिथं पाणी तांबडं झालं. माशाची पिल्लं बेडकाला भितात. ही भ्याली नाहीत. त्या रबराच्या भोवती अशी दाटली की बेडूक दिसेना. त्यानं हळूहळू दोरी गुंडाळली, तर ती त्याच्याबरोबर काठापर्यंत आली, आईच्या मागे यावीत तशी.

त्यानं पितळेची चकती लावून पाहिली, नुसता गळ टाकून पाहिला. शेवटी काहीच न टाकता काठावर उभा राहिला. तरी ती आली.

गणपती गेले. पितृपक्ष गेला. बाकीच्या घोळक्यांची पिल्लं काळी पडून कधीच पांगली होती. ही लालच राहिली. वाढली नाहीत, कमी झाली नाहीत. मोठ्या माशानं त्यांतलं एक ओढून नेलेलंही अभिमननं कधी पाहिलं नाही.

एकदा नथ्थू जवळ येऊन उभा राहिला. बराच वेळ पाण्याकडे बघत होता. त्या दिवशी त्याला थट्टा सुचली नाही.

"भाऊ," तो म्हणाला, "यास्ले तुन्ही वळख पटनी शे."

त्यानंतर नथ्थू त्या धरणावर आला नाही.

अभिमननं काठी माळ्यावर टाकली. दसरा आला, मोटारींची कामं वाढली. त्याला वाटलं, हे असंच विसरून जाता येईल.

एका सकाळी अंघोळीला बसला असता मागच्या अंगणातून बेबाबाईचा आवाज आला. ती कुणाशी तरी बोलत होती. बोलताना मध्येच हसत होती. बाहेर येऊन बघतो तर ती सिमेंटच्या हौदाच्या काठावर बसलेली, हातात कणकेच्या बारीक गोळ्या.

"बघा ना," ती म्हणाली. "आज गाय आली नाही. म्हटलं कुणाला घास घालू? तर ही आली."

हौदात पाणी तांबडं होतं.

अभिमननं मन शांत ठेवलं. पारोळ्याला नळाचं पाणी धरणाचंच येतं. पण वाटेत गाळणी आहे, तुरटी आहे, टाकी आहे. पंपाची मोटार त्यानं स्वतः भरलेली होती, सगळं त्याच्या डोळ्यांखालचं होतं. त्यानं हौदाचा नळ खोलून आतली पितळी जाळी काढली. जाळी शाबूत होती. तिच्यातून मोहरीचा दाणाही गेला नसता.

त्यानं धोतराच्या फडक्यानं पिल्लं गोळा केली, बादलीत घातली, लुनावर बादली सांभाळत धरणावर सोडून आला. हौद रिकामा केला, चुन्यानं घासला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हौदात होती.

"राहू द्या ना हो," बेबाबाई म्हणाली. "कशाला हाकलता? त्यांना आई नाही."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. त्या रविवारचं त्यानं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. श्रावणात मरळ मारली म्हणून भिकुबाईनं घर डोक्यावर घेतलं असतं.

"तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? कळतं की. बघा कशी भुकेली आहेत."

मग तो तिचा नेमच झाला. चातुर्मास संपला, कार्तिकी झाली, तुळशीचं लग्न लागलं. नेम संपला नाही. सकाळी कणीक, दुपारी कणीक. दिवसाचा बराच वेळ ती हौदाच्या काठावर एक हात पोटावर आणि एक हात पाण्यावर ठेवून बसायची. भिकुबाई कुरकुरली, "पाण्यापाशी इतकं बसू नको व माय, वारं लागतं." पण सुनेचा चेहरा भरला होता, पाय सुजत नव्हते, डॉक्टरीण खूश होती. म्हातारीनं पुढे बोलणं सोडलं.

एका दुपारी बेबाबाईनं त्याचा हात धरून पोटावर ठेवला. "कळतं का?"

आत मूल फिरत होतं. सावकाश, उजवीकडून डावीकडे. थांबत होतं, पुन्हा फिरत होतं.

अभिमनची नजर हौदात गेली. घोळका उजवीकडून डावीकडे जात होता. थांबत होता. पुन्हा फिरत होता.

त्यानं हात काढून घेतला. त्या दिवसापासून त्यानं हौदाकडे बघायचं टाळलं.

मार्गशीर्षात तिला कळा सुरू झाल्या. दवाखान्यात नेलं तेव्हा ऊन नुकतं वर आलं होतं. दुपार कलली तरी सुटका होईना. डॉक्टरीण बाहेर आली, तिनं गळ्यातली नळी काढून हातात घेतली होती.

"ठोके फार मंद लागताहेत. धुळ्याला हलवावं लागेल. जीप बोलावली आहे. तुम्ही घरून कपडे, पांघरूण घेऊन या."

"अन् तिचं?"

डॉक्टरणीनं त्याच्या खांद्याला हात लावला आणि ती आत गेली.

घरी पांघरुणं काखोटीला मारून तो परसातून बाहेर पडत होता. हौद वाटेतच होता.

पिल्लं वर आली होती. खाली गेली नव्हती. सगळी पाण्याच्या अगदी पृष्ठावर पडून होती, तोंडं वर करून. एकही हलत नव्हतं. मेलेलीही नव्हती. शेकडो बारीक तोंडं उघडी होती.

सरळ दवाखान्यात जायला हवं होतं, हे त्याला कळत होतं. तरी त्याचे गुडघे टेकले. पांघरुणं चिखलात पडली.

"तुम्हनी माय मी लई गऊ," तो पाण्याला म्हणाला. त्यांची आई नेल्याची कबुली देताना स्वतःचा आवाज त्याला ओळखू येईना. "मन्ही चूक व्हती. हाई दोन्ही जीव वाचाडा. तुम्हले माय देसू. मन्हा शब्द शे."

काही वेळ काहीच झालं नाही. रस्त्यावरून सोडावाटरची गाडी वाजत गेली.

मग मधलं एक पिल्लू खाली गेलं. मग त्याच्या शेजारचं. एकेक करून सगळी खाली गेली, आणि पाणी स्वच्छ झालं. हौदाचा तळ दिसत होता. तळाशी काही नव्हतं.

दवाखान्याच्या दारात जीप उभी होती. आतून रडण्याचा आवाज येत होता, खणखणीत. भिकुबाई पायरीवर बसून डोळे पुसत होती. "पोर उनी, लक्ष्मी उनी," ती म्हणाली. "दोन्ही सुखरूप शेतस."

शब्द दिला तो पाळायचा, एवढं अभिमनला ठाऊक होतं. दुसऱ्याच दिवशी त्यानं धरणावरच्या कोळ्याकडून जिवंत मरळ घेतली, चांगली भरलेली मादी. ओल्या पोत्यात गुंडाळून बाभळीच्या शेंड्यांपाशी नेऊन सोडली. पिल्लं वर आली. तिच्याभोवती एकदा फिरली. मग बाजूला झाली.

पुढच्या खेपेला गेला तेव्हा मरळ पोट वर करून तरंगत होती. अंगावर ओरखडाही नव्हता.

त्यानं आणखी एक सोडली. तीही तरंगली.

पण घरचा हौद स्वच्छ राहिला. नळाला पाणी येत होतं, भांडी घासली जात होती. मुलगी अंगावर पीत होती, अंगानं भरत होती. भिकुबाई शेजारणींना सांगायची, नात कशी आजोबांवर गेली आहे. अभिमनच्या चेहऱ्याकडे बघून चिडायची, "आते लक्ष्मी उनी ना घर, तर तोंड कसाले पाडस?" बेबाबाई पूर्वीसारखीच मऊ बोलायची. पिल्लांचं नाव तिनं काढलं नाही. अभिमनलाही हळूहळू वाटू लागलं की कळा लांबल्या, ठोके मंद लागले, असं पुष्कळ बायकांचं होतं.

सव्वा महिना झाला. आता बाळंतिणीनं पाण्याची पूजा करायची आणि मग घरात वावरायला मोकळं व्हायचं. भिकुबाई सकाळीच पाच सवाशिणींना सांगायला गेली होती. पूजा गल्लीतल्याच विहिरीवर होणार होती. परातीत हळद-कुंकू, घुगऱ्या, नारळ मांडून ठेवलं होतं.

थंडी कडाक्याची होती. अंगणात ऊन नुकतं उतरलं होतं. बेबाबाईनं डोक्यावरून अंघोळ केली, मुलीला पोटभर पाजलं, पाठीवर थोपटून ढेकर काढला आणि ओढणीत गुंडाळून अभिमनच्या मांडीवर ठेवलं.

"दूध तापवून ठेवलंय," ती म्हणाली. "वाटी-चमचा उकळून घ्या. मानेखाली हात धरा."

"पूजा तर दुपारी आहे. आत्ता कुठे निघालीस?"

"तामसवाडीची गाडी आहे ना आत्ता."

धरण तिनं आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"बेबा..."

"तुम्ही शब्द दिलाय ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "किती दिवस ताटकळत ठेवायचं लेकरांना?"

तो मुलीला घेऊन उठला. "मी जातो. मी जातो, तू थांब."

"तुम्ही जाऊन काय करणार?" तिला जरासं हसू आलं. "आई देईन म्हणालात."

तिनं परात घेतली नाही. नारळ घेतला नाही. देवापुढे हात जोडले, तुळशीला पाणी घातलं, वहाणा दारातच राहू दिल्या.

अभिमन मुलीला छातीशी धरून दारापर्यंत आला. गल्लीत बायका सडा घालत होत्या. कुणीतरी विचारलं, "काय व बेबा, निंघनी का?" तिनं मान हलवली, काहीतरी मऊ बोलली, पुढे निघाली.

वळणावर एकदा ती मागे वळली, मुलीकडे बघायला.

मुलगी पोट भरून गाढ झोपली होती. तरी बेबाबाईच्या पोलक्यावर दोन्ही बाजूंनी दूध झरत होतं, ओल खाली पसरत चालली होती, आणि ती पदरही पुढे ओढत नव्हती.